सापडले नाही, म्हणजे नेमके काय?

आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की दाखवायच्या ठिकाणांची यादी ठरलेली असते. अरोराचे बालाजी मंदिर, शिकागोचा तो उंच टॉवर (त्याचे नाव २००९ साली बदलले, पण आम्ही जुनी मंडळी त्याला अजून सिअर्सच म्हणतो) आणि बटेव्हियाची फर्मीलॅब. फर्मीलॅबमध्ये पाहुण्यांना विज्ञानापेक्षा तिथला बायसनचा कळप जास्त आवडतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुण्याने कुंपणाशी उभे राहून विचारले, "भावोजी, इथं आता शोधतात तरी काय?"

मी माझ्या कुवतीप्रमाणे सांगितले. इथे जमिनीखाली उतरणारे शंभर मीटर खोल विवर आहे. त्यात एक उभी नळी बसवून, निर्वात पोकळीत स्ट्रॉन्शियमचे अणू सोडायचे, ते पडताना त्यांच्यावर लेझरचे झोत टाकायचे आणि त्यावरून डार्क मॅटरचा माग लागतो का ते पाहायचे. 'मॅजिस-१००' नावाचे हे उपकरण उभे राहत आहे.

"आणि आजवर कुणाला सापडलं का?"

"नाही."

"मग एवढे पैसे, एवढी माणसं कशासाठी?"

मला उत्तर देता आले नाही. याचे कारण वेगळेच होते. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला होता आणि तोही माझ्या मुलीला.

ती एका विद्यापीठात अशाच प्रकारच्या प्रयोगावर डॉक्टरेट करत होती. रुबिडियमची वाफ भरलेली काचेची कुपी, लेझर आणि भोवती चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूची एकात एक बसवलेली डबी, असा तिचा संसार. सहा वर्षांनी प्रबंध पुरा झाला. त्याचा सारांश तिने फोनवर वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याचा अर्थ असा की, संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घ्यावी असा कोणताही संकेत आढळला नाही. मी पटकन बोलून गेलो, "मग सहा वर्षं केलंस काय?" पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "बाबा, ते कुठे नाहीये ते सांगितलं." आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.

तो प्रसंग मनातून गेला नाही. म्हणून निवृत्तीनंतरच्या दोन हिवाळ्यांत मी या विषयाचे जमेल तेवढे वाचले. 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या नियतकालिकात २०१८ साली 'अणू आणि रेणू वापरून नव्या भौतिकशास्त्राचा शोध' अशा अर्थाच्या शीर्षकाचा दीर्घ आढावा प्रसिद्ध झाला. डेलावेअर विद्यापीठाच्या मारियाना साफ्रोनोव्हा, बर्कलीशी दीर्घ संबंध असलेले दिमित्री बुडकर, डेव्हिड डीमिल, डेरेक जॅक्सन किंबॉल, आंद्रेई देरेविआंको आणि चार्ल्स क्लार्क हे त्याचे सहा लेखक. शंभराहून अधिक पानांचा हा मजकूर मी पेन्सिल हातात घेऊन वाचला. त्यातले गणित मला सगळे कळले असा माझा दावा नाही. पण पद्धत कळली, आणि पद्धतीचे परीक्षण करण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानतो. तो का, ते पुढे सांगतो.

आधी विषय थोडक्यात. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांच्या लक्षात आले की कोमा नावाच्या समूहातल्या आकाशगंगा इतक्या वेगाने फिरत आहेत की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहूच शकणार नाहीत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी आकाशगंगेचे भ्रमण मोजले. केंद्रापासून दूर गेले तरी वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, असे त्यांना दिसले. आज हिशेब असा मांडतात की विश्वात ओळखीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट अनोळखी द्रव्य आहे. मराठीत त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. काळी वस्तू प्रकाश शोषते, अडवते. हे द्रव्य प्रकाशाला आरपार जाऊ देते. तव्यापेक्षा ते स्वच्छ काचेच्या जवळचे आहे. शब्द चुकला की चित्रही चुकते. म्हणून या लेखात मी सरळ डार्क मॅटर म्हणतो. इंग्रजी शब्दातही तोच दोष आहे, पण निदान तो दोष आपण निर्माण केलेला नाही.

हे द्रव्य जड कणांचे असेल अशा समजुतीने खाणींच्या तळाशी मोठमोठी टाकी बसवून शोध चालू आहे. साऊथ डकोटातल्या लीड गावी जुन्या सोन्याच्या खाणीत असाच एक प्रयोग आहे. पण ते अतिशय हलक्या कणांचे असेल तर? मग ते सुट्या कणांसारखे न वागता सगळीकडे पसरलेल्या लाटेसारखे वागेल. टाकीत टक्कर होण्याची वाट पाहून उपयोग नाही. अशी लाट अणूंच्या अंतर्गत लयीला किंचित हलवेल एवढीच आशा.

अणू हे उपकरण म्हणून का चांगले? आयुष्यभर मोजमापाच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला हा मुद्दा फार भावतो. आपण बनवलेले कोणतेही दोन गेज हुबेहूब सारखे नसतात. रुबिडियमचे एकाच प्रकारचे दोन अणू मात्र, एक रीनोमध्ये आणि एक रत्नागिरीत असला तरी, अगदी सारखे. त्यांना कारखान्याचे सर्टिफिकेट लागत नाही. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवरून केलेली आहे. त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद.

आता दोन वेगवेगळ्या अणूंची घड्याळे शेजारी ठेवा. डार्क मॅटरच्या लाटेने निसर्गाचे एखादे मूलभूत स्थिरांक किंचित हलले, तर दोन्ही घड्याळे सारखी हलणार नाहीत, त्यांचे गुणोत्तर बदलेल. तंबोऱ्याच्या सगळ्या तारा एकदम सारख्याच उतरल्या तर कानाला पटकन कळत नाही. एकच तार उतरली की लगेच खटकते. कोलोरॅडोत बोल्डर येथे ॲल्युमिनियम, स्ट्रॉन्शियम आणि इटर्बियम यांच्या घड्याळांची अशी तुलना अठराव्या दशांश स्थळापर्यंत करून २०२१ साली प्रसिद्ध केली गेली. तिच्यावरूनही डार्क मॅटरला मर्यादा घातल्या गेल्या.

माझ्या मुलीच्या कुपीचे तत्त्व निराळे. लेझरने अणूंच्या फिरक्या एका दिशेला वळवायच्या. चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या भोवऱ्यासारख्या डुलतात. सगळे क्षेत्र बाहेर अडवूनही त्या डुलल्या, तर त्यांना हलवणारे दुसरे काहीतरी आहे. मात्र प्रयोगशाळेची लिफ्ट चालली, रस्त्यावरून ट्रक गेला, तरी काहीतरी डुलतेच. म्हणून एका जागी काही दिसले तर कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. 'नोम' नावाच्या जागतिक जाळ्यात आठ देशांत अशी चुंबकमापके बसवली आहेत. खरा संकेत असेल तर तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरावीक उशिराने पोहोचला पाहिजे. २०१७ मधील एका महिन्याची, नऊ केंद्रांची आकडेवारी तपासून २०२१ साली त्यांनी निष्कर्ष दिला. काही आढळले नाही.

मला सर्वांत गंमतीचा वाटला तो जीपीएसचा उपयोग. आपल्या गाडीला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. देरेविआंको आणि मॅक्सिम पोस्पेलोव्ह यांनी २०१४ मध्ये सुचवले की डार्क मॅटरची एखादी भिंत पृथ्वीवरून गेली तर ही घड्याळे एकामागून एक चुकतील. उपग्रहांचा हा पसारा सुमारे ५०,००० किलोमीटरचा आणि भिंतीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर धरला, तर ती तीनेक मिनिटांत पार होईल. नेव्हाडा विद्यापीठाच्या रीनो येथील गटाने सोळा वर्षांच्या साठवलेल्या नोंदी उकरून पाहिल्या. नवे उपकरण नाही, नवी खाण नाही. २०१७ साली उत्तर आले, अशी भिंत दिसली नाही.

आता परीक्षणाकडे वळतो. मी तीस वर्षे अल्ट्रासॉनिक तपासणीचे काम केले. बॉयलर, दाबाच्या टाक्या, पाइप यांच्या वेल्डिंगच्या सांध्यात आत चीर आहे का, ते न कापता सांगायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अहवालावर 'दोष आढळला नाही' असे लिहून सही केली. आमच्या वयस्कर अमेरिकन साहेबांनी तो कागद परत माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "किती बारीक चीर असती तर तुला दिसली नसती?" मला सांगता येईना. मी त्या दिवशी मशीन ठरलेल्या भोकाच्या कॅलिब्रेशन ब्लॉकवर तपासूनच घेतले नव्हते. सगळे सांधे पुन्हा तपासावे लागले. त्या दिवसापासून 'आढळले नाही' हे वाक्य मी एकटे कधी लिहिले नाही. सोबत आकडा लिहिला. एवढ्या मापाच्या वरचा दोष आढळला नाही. तीस वर्षे माझे घर या वाक्यावर चालले, आणि मुलीचे शिक्षणही.

या कसोटीवर अणूंच्या प्रयोगांचे मूल्यमापन करायचे तर पहिला शेरा चांगला द्यावा लागतो. इथे कोणीही नुसते 'सापडले नाही' म्हणत नाही. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारात किंचित असमानता आहे का, हा प्रश्न घ्या. अशी असमानता अनोळखी कणांची खूण ठरेल. हार्वर्ड आणि येलच्या 'ॲक्मी' प्रयोगाने २०१८ साली एक मर्यादा दिली. २०२३ मध्ये बोल्डरच्या 'जिला' संस्थेच्या गटाने ती आणखी खाली नेली. त्यांच्या एककात तो आकडा दशांश चिन्हानंतर २९ शून्ये आणि मग ४१ असा आहे. यापेक्षा मोठी असमानता असती तर आम्हाला दिसली असती, असे ते छातीठोकपणे सांगतात. आमच्या साहेबांनी हा अहवाल परत केला नसता.

कॅलिब्रेशन ब्लॉकची जागाही या शास्त्रात रिकामी नाही. लायगो या गुरुत्वीय लहरींच्या प्रकल्पात २०१० साली मोजक्या अधिकाऱ्यांनी उपकरणात गुपचूप एक खोटा संकेत घातला. बाकीच्या शास्त्रज्ञांनी तो पकडला, निबंधाचा मसुदासुद्धा लिहिला. २०११ च्या मार्चमध्ये पाकीट उघडून सांगितले गेले की तो खोटा होता. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचे भारतीय केंद्र मंजूर झाले आहे. त्याचे कौतुक करताना ही खोट्या संकेताची गोष्टही आपल्या मुलांना सांगावी.

आता तक्रारी. पहिली तक्रार प्रसिद्धीपत्रकांबद्दल. 'मर्यादा लाखो पटींनी सुधारली' असे मथळे येतात. मूळ निबंध उघडला की अटी दिसतात. सगळे डार्क मॅटर याच एका प्रकारचे आहे असे धरले, आपल्या परिसरातली त्याची घनता अमुक धरली, भिंतीची जाडी तमुक धरली, तर ही सुधारणा. निबंधात हे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. मथळ्यात येताना ते गळून पडते. माझ्या अहवालातून कोणी ग्राहकासाठी 'एवढ्या मापाच्या वरचा' हे शब्द गाळले असते, तर माझी नोकरी गेली असती.

दुसरी तक्रार त्या २०१८ च्या आढाव्याबद्दल. व्याप्ती दांडगी आहे. स्थिरांकांचे बदल, नवी बले, प्रतिद्रव्य, गुरुत्वाकर्षण, सगळे एका छताखाली आले आहे. थोरियमच्या अणुकेंद्रावर घड्याळ करण्याच्या ज्या आशेची त्यात चर्चा आहे, तिच्या दिशेने २०२४ मध्ये बोल्डरलाच मोठे पाऊल पडले. म्हणजे लेखकांची नजर पक्की. पण वाचकाला हवा असतो तो तोल. यातल्या कोणत्या शक्यतेला सबळ कारण आहे आणि कोणती केवळ मोजता येते म्हणून मोजली जाते, हे शंभर पानांत पुरेसे ठळक होत नाही. लग्नाच्या याद्यांत सगळी नावे एकाच अक्षरात लिहितात, तसे काहीसे. आढाव्याचे काम यादी करणे हेच, असे तज्ज्ञ म्हणतील. मला ते अपुरे वाटते.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. आम्ही बॉयलर तपासताना कुठे थांबायचे ते ठाऊक असते. ज्या मापाच्या चिरेने बॉयलर फुटणार नाही, त्याखाली शोधण्याची गरज नसते. इथे थांबायची खूण कुठे? एका पातळीवर कण मिळाला नाही की सिद्धांतवाले म्हणतात, त्याचा संबंध आणखी दुबळा असेल. असे म्हणत कितीही खाली जाता येते. याला अपवाद आहेत आणि माझ्या मते खरे मोल त्या अपवादांचे आहे. ॲक्सिऑन नावाच्या कणाचा एक प्रकार दुसरेच कोडे सोडवण्यासाठी सुचवला गेला होता, त्यामुळे तो किती दुबळा असावा याचे ठरावीक भाकीत आहे. सिॲटलच्या 'एडीएमएक्स' प्रयोगाने २०१८ साली वस्तुमानाच्या एका छोट्या पट्ट्यात ती पातळी गाठली. तिथे अणू नसून सूक्ष्मलहरींची पोकळी वापरतात, पण धडा सर्वांसाठी आहे. ज्या शोधाला स्वतःची अंतिम रेघ आहे, त्यातले 'नाही' सर्वांत वजनदार.

'नाही' ला वजन असते हे पटवायला आपल्याकडचेच एक उदाहरण आहे. ८ जानेवारी १९८६ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर पाचव्या बलाची बातमी होती. पर्ड्यू विद्यापीठाचे एफ्राइम फिशबाख आणि सहकाऱ्यांनी हंगेरियन शास्त्रज्ञ एत्वश यांचे जुने आकडे पुन्हा तपासून, शेकडो मीटर पल्ल्याच्या नव्या बलाची शक्यता मांडली होती. आम्ही तेव्हा या देशात नवे होतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यावर झालेल्या गप्पा मला आठवतात. पुढचे मात्र मला ठाऊकच नव्हते. सिॲटलला एरिक एडलबर्गर यांच्या गटाने विद्यापीठाच्या आवारातल्या टेकडीलगत, तारेला टांगलेला नाजूक तराजू ठेवून हे बल तपासले. आणि कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रामनाथ कौसिक आणि सहकाऱ्यांनी तसाच तराजू उभारला. त्यांचे निबंध १९८८ आणि १९९० साली प्रसिद्ध झाले. बल आढळले नाही, आणि किती ताकदीचे असते तर आढळले असते, तेही सांगितले.

हे कौसिक जन्माने नागपूरचे. १९७२-७३ च्या सुमारास, बर्कलीत असताना, जॉन मॅक्लेलंड यांच्यासह त्यांनी असे मांडले होते की न्यूट्रिनोंना वस्तुमान असेल तर त्यांचे गुरुत्वाकर्षण आकाशगंगांच्या समूहांना बांधून ठेवू शकेल. दिसत नसलेल्या कणांचे द्रव्य विश्वाला सावरते, ही डार्क मॅटरची कल्पना त्यात स्पष्ट होती. पुढे न्यूट्रिनो त्या कामाला फार हलके ठरले. पण त्या निबंधातली वस्तुमानाची मर्यादा, 'याहून जड असू शकत नाही' हे वाक्य, ज्ञानात कायमची भर घालून गेले. कौसिक नंतर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले. आमच्या घरापासून गाडीने पाच तासांवर. पाचव्या बलाची पहिली बातमी मला एका दिवसात कळली. नागपूरच्या माणसाने दिलेले उत्तर कळायला तीस वर्षे लागली. यात दोष वर्तमानपत्राचा थोडा आणि माझा जास्त.

आणखी एक गोष्ट लिहितो, संपादकांनी कात्री लावू नये. आपल्या मंडळांत विज्ञानावर व्याख्यान झाले की कोणीतरी उठून सांगते, हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. अव्यक्त, अदृश्य असे शब्द त्यांनी वापरले हे खरे, आणि ते सुंदर आहेत. पण त्या वाक्याला आमच्या साहेबांचा प्रश्न विचारून पाहा. किती? कुठल्या मापापर्यंत? काय दिसले असते तर तुमचे म्हणणे चूक ठरले असते? उत्तर नसेल तर ते काव्य आहे, तत्त्वज्ञान आहे, त्याचा मान ठेवावा. अणूच्या प्रयोगाशी त्याची सोयरीक जुळवू नये.

मेहुणे पुण्याला परतल्यावर मी मुलीचा प्रबंध मागवून घेतला. तिला आश्चर्य वाटले. निष्कर्षाचे प्रकरण मी सोडून दिले आणि चुकांच्या शक्यतांचे वाचले, ते सर्वांत मोठे होते. लेझरची चढउतार, खोलीचे तापमान, इमारतीची लिफ्ट, एकेक दोष वेगळा काढून त्याचा आकडा लावला होता. दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आणि रविवारी तिला फोन लावला.

"तुझा प्रबंध वाचला," मी म्हणालो. "एक विचारू? किती बारीक संकेत असता तर तुला दिसला नसता?"

ती क्षणभर थांबली. मग बोलायला लागली ती चाळीस मिनिटे. मध्येच तिची आई फोन मागायला आली, तिला मी हाताने थांबवले. लिफ्टबद्दलच्या माझ्या एका शंकेवर ती म्हणाली, "बाबा, हे माझ्या समितीतल्या कुणीच विचारलं नव्हतं." ती शंका बरोबर आहे की नाही, ते ती तपासून सांगणार आहे.